कोणता कोश उत्तर देतोय, ते आधी बघा

पत्र: मी तीन वर्षांपासून इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. सगळं काम लॅपटॉपवर, शेजारच्या खिडक्यांत दोन-चार ऑनलाइन कोश उघडे ठेवून. ओळखीचे एक ज्येष्ठ अनुवादक आता काम थांबवतायत आणि त्यांचे कोश मला देऊ करतायत: महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, एक जाडजूड संस्कृत-इंग्रजी कोश, मोठा इंग्रजी कोश, चार-पाच परिभाषा कोश (एकेका विषयाच्या खास शब्दांचे) आणि विद्यार्थ्यांसाठीचे बरेच इंग्रजी-मराठी कोश. घरात जागा कमी आहे. एक सहकारी म्हणतो, छापील कोश आता कपाटाच्या शोभेपुरते उरलेत. एक अनुभवी ताई म्हणतात, पडद्यावर शब्द शोधणाऱ्याचा अनुवाद वरवरचा होतो. त्यातच गेल्या महिन्यात एका कराराचा अनुवाद लाल खुणांनी भरून परत आला. 'कन्सिडरेशन'ला मी 'विचार' लिहिलं होतं. तेव्हापासून वाटतंय, माझी पद्धतच चुकतेय का? कोश घेऊ की नको?
– एक अनुवादक

उत्तर:

आधी 'कन्सिडरेशन'चा निकाल लावू, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. सर्वसाधारण इंग्रजी-मराठी कोशात या शब्दापुढे विचार, आदर, मुलाहिजा असे अर्थ ओळीने येतात आणि ते सगळे बरोबर आहेत. करारात मात्र एका पक्षाने जे द्यायचं किंवा करायचं, त्याच्या बदल्यात दुसरा जे देतो, त्याला हा शब्द लावतात. कायद्याच्या मराठीत त्याला 'प्रतिफल' म्हणतात, रोजच्या व्यवहारात 'मोबदला'. 'प्रतिफल' तुम्हाला कायद्याच्या परिभाषा कोशात सापडला असता, आणि तो कोश कागदावरच बघायला हवा होता असंही नाही. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आता संकेतस्थळावर शोधता येतात. म्हणजे पडद्यावर बघितलंत यात काही चुकलं नाही. करारातला शब्द तुम्ही ज्या कोशाला विचारलात, तो करारासाठी केलेला नव्हता, एवढंच.

हे मी अनुभवाने सांगतेय. कामाचं चौथं-पाचवं वर्ष असेल. एका अभ्यासकासाठी जुन्या जमीनव्यवहारांच्या कागदांचा इंग्रजी अनुवाद करत होते. एका कागदात शेतकऱ्याने 'राजीनामा लिहून दिला' असं होतं. शब्द रोजच्या वापरातला, शंका यायचं कारण नव्हतं. तरी पडद्यावर एकदा बघितलं, 'रेझिग्नेशन' दिसलं, तेच लिहून पुढे गेले. अभ्यासकाने सगळं वाचून एकच प्रश्न विचारला, "हा माणूस नोकरीला कुठे होता?" कागदात नोकरीचा उल्लेखच नव्हता. जुन्या महसुली कागदांत राजीनामा आणि कबुलायत ही जोडीच असते. एकाने जमिनीवरचा हक्क सोडतोय असं लिहून द्यायचं, तो राजीनामा. ती जमीन करायला मी कबूल आहे असं दुसऱ्याने लिहून द्यायचं, ती कबुलायत. मुळात राजीनामा म्हणजे राजी असल्याचा लेख. नोकरी सोडण्याचा अर्थ आज इतका पक्का बसलाय की त्यापुढे दुसरं काही सुचत नाही. त्या दिवशी मोल्सवर्थ उघडला आणि संमतीचा, समाधान झाल्याचं लिहून देण्याचा जुना अर्थ समोर आला. मग त्या गठ्ठ्यातला प्रत्येक कागद पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागला. 'राजीनामा'च चुकला होता, तर आणखी काय काय चुकलं असेल, ही धास्ती होती.

मोल्सवर्थ तेव्हा पडद्यावरही होता आणि मी तिथे बघितला असता तरी तोच अर्थ मिळाला असता. पडद्यावर उत्तर आलं आणि ते कोण देतंय, कुठल्या काळातल्या मराठीबद्दल देतंय, हे मी विचारलं नाही. चूक तिथे झाली. छापील कोश हातात घेतला की हा प्रश्न आपोआप सुटलेला असतो. मुखपृष्ठावर नाव असतं, आत सन असतो, प्रस्तावनेत शब्द कुठून जमवले ते असतं, आणि तो अमक्या विषयाचा कोश आहे हे तुम्ही कपाटातून काढतानाच ठरवलेलं असतं. पडद्यावरच्या शोधात हे सगळं गळून पडतं. एका रकान्यात शब्द, दुसऱ्यात पाच अर्थ. त्यातला एक दीडशे वर्षांपूर्वीचा आणि एक गेल्या वर्षीचा असला, तरी दोन्ही एकाच टायपात, एकाच तोऱ्यात उभे असतात. यंत्रानुवादाने सुचवलेल्या शब्दाला तर एवढाही ठावठिकाणा नसतो.

तेव्हा पहिला बदल हा करा: ज्या संकेतस्थळावर कोशाचं नाव दिसत नाही, ते शब्द आठवून देण्यापुरतं वापरा, खात्रीसाठी वापरू नका. खात्रीसाठी चांगल्या जागा पडद्यावरच आहेत. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत मोल्सवर्थ आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे आणि फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे, आणि प्रत्येक कोश वेगळा ठेवलाय. बृहद्कोश या संकेतस्थळावर एकाच शोधात अनेक मराठी कोशांतली उत्तरं कोशाच्या नावासकट मिळतात. उत्तर वाचण्याआधी ते नाव वाचायची सवय लावून घ्या. सुरुवातीला वेळ जातो. महिनाभरात डोळा आपोआप तिथे जायला लागतो.

तुमच्या ताईंचा मला आदर आहे, पण पडद्यामुळे काम वरवरचं होतं हे मला पटत नाही. पडद्यावर एक गोष्ट अशी करता येते जी कागदावर कुणालाही, कितीही वेळ दिला तरी, करता येणार नाही. मोल्सवर्थ मराठी-इंग्रजी कोश आहे; छापील प्रतीत मराठी शब्दावरूनच आत शिरावं लागतं. पडद्यावर तुम्ही त्याच्या अर्थांत शोध घेऊ शकता. इंग्रजीतला दोरीसाठीचा साधा शब्द, 'रोप', अर्थांत शोधून बघा. दोर आणि दोरखंड तर येतीलच. पण दावं म्हणजे गुरं बांधायची दोरी, कासरा म्हणजे बैल हाकताना हातात धरायची, वेसण म्हणजे नाकातून घातलेली, नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर, चऱ्हाट म्हणजे जाडाभरडा वळलेला दोर. इंग्रजी कादंबरीकाराने पानभर एकच शब्द वापरला असेल आणि त्याच्या पात्राच्या हातात प्रत्येक वेळी वेगळी वस्तू असेल. मराठीत त्या वस्तूंना वेगवेगळी नावं आहेत आणि ती या उलट्या शोधाने अर्ध्या मिनिटात समोर येतात. हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा इतकी वर्षं आपण काय काय 'दोरी' म्हणून लिहून टाकलं असेल, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही.

इथे एक अडचण येते, ती आधीच माहीत असलेली बरी. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची, महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळातले आणि पुरवणी १९५०ची. आपण ज्या नियमांनी लिहितो ते मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२मध्ये मान्य केले. म्हणजे हे दोन्ही कोश जुन्या लेखनाचे आहेत. तुम्ही 'कीर्ती' टंकाल आणि कोशात 'कीर्ति' असेल. 'बुद्धी' शोधाल, तिथे 'बुद्धि'. 'नाव'च्या डोक्यावर अनुस्वार असेल. काही ठिकाणी शोधयंत्र हे सांभाळून घेतं, काही ठिकाणी शब्द नाही म्हणून मोकळं होतं. 'शब्द सापडला नाही' असं दिसलं की शेवटचा इकार-उकार ऱ्हस्व करून बघा, अनुस्वार देऊन बघा, शब्दाची नुसती पहिली तीन अक्षरं टाकून बघा. 'ॲ'सारखं अक्षर तर दोन तऱ्हांनी टंकलं जातं, दिसायला सारखं आणि यंत्राच्या लेखी वेगळं. छापील कोशात ही भानगड नाही. तिथे नजर आपणहून चुकीच्या वेलांटीवरून पुढे सरकते आणि शब्द ओळखते. (कागदाची अडचण वेगळी आहे: क्ष आणि ज्ञ शाळेच्या तक्त्यात शेवटी असतात, बऱ्याच कोशांत ते क आणि ज यांच्या पोटात सापडतात. पहिला आठवडा चाचपडण्यात जाईल, जाऊ द्या.)

मग कागद कशासाठी? मी तो एका कामासाठी जपून ठेवलाय. शब्द माहीत असेल आणि अर्थ तपासायचा असेल, तर मी पडद्यावर जाते. अर्थ मनात आहे, शब्द जिभेवर येत नाही, किंवा आलेला शब्द मनाला पटत नाही, तेव्हा खंड उघडते.

एका परिचारिकेच्या आठवणींचा अनुवाद करताना 'कन्सर्न'पाशी अडले होते. काळजी लिहून बघितलं, तिच्यात धास्ती डोकावत होती. चिंता जड झाली. आस्था लांबून बघितल्यासारखी वाटली. मग 'कळकळ' सुचला आणि तो तपासायला खंड काढला. पानावर आधी कळ, पोटात उठते ती आणि यंत्राची असते तीही. मग कळकट, कळकळ, कळकळणे, पुढे कळप, कळवळणे, कळवळा, कळस, कळसूत्री. बोट कळकळीवर होतं, नजर मात्र खाली घसरली ती कळवळ्यावर जाऊन थांबली. कळकळ म्हणजे एखाद्याचं किंवा एखाद्या कामाचं भलं व्हावं म्हणून लागलेली तळमळ. माणूस कळकळीने सांगतो, कळकळीने विनवतो. कळवळा दुसऱ्याचं दुःख बघून आतून दाटून येतो. त्या प्रकरणात ती बाई रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून होती. तिथे कळवळाच हवा होता. पुढच्याच प्रकरणात ती औषधांसाठी वरिष्ठांशी भांडते, मूळ इंग्रजी शब्द तोच, आणि तिथे कळकळ चपखल बसली. मी शोधायला गेले होते एक शब्द आणि हातात दोन आले, तेही एकमेकांपासून वेगळे करून. पडद्यावर 'कळकळ' टंकलं असतं तर कळकळच मिळाली असती. कळवळा विचारायचा हे मला सुचलेलंच नव्हतं, मग मी तो टंकणार कसा?

काही संकेतस्थळांवर मागचे-पुढचे शब्द बघायची सोय असते. असेल तिथे जरूर वापरा. पण मोठ्या पानावर दोन-तीन रकाने एकदम डोळ्यांखाली येतात, त्याची सर त्याला येत नाही.

महाराष्ट्र शब्दकोशाबद्दल आणखी थोडं. त्यात शब्दापुढे जागोजागी जुन्या ग्रंथांतली वाक्यं दिलेली आहेत. 'ज्ञा.' असं दिसलं की ज्ञानेश्वरीतली ओवी समजायची. प्रांताच्या खुणाही असतात, कोकणातला शब्द, वऱ्हाडातला शब्द. अनुवादकाला अर्थापेक्षा या खुणा जास्त उपयोगी पडतात. शब्द कुणाच्या तोंडी शोभेल हे त्यावरून कळतं. मोल्सवर्थमध्येही शब्द संस्कृतातून आला की फारसीतून, हे एका अक्षराने दाखवलेलं असतं. सरकारी पत्राच्या अनुवादात 'विनंती' आणि 'अर्ज' यांतून निवडताना मला त्या एका अक्षराची मदत झालेली आहे. कोशांतून उचललेली माहिती पुन्हा मांडणाऱ्या संकेतस्थळांवर हीच अक्षरं सगळ्यात आधी गाळली जातात. कोश हातात आला की पहिल्या दिवशी शब्द शोधू नका. प्रस्तावना आणि संक्षेपांची यादी वाचा, तासाभराचं काम आहे.

आणि हो, पुनर्मुद्रणाच्या सनाने फसू नका. आतल्या पानावर अलीकडचं साल असलं तरी मजकूर पहिल्या छपाईइतकाच जुना असू शकतो.

इंग्रजीच्या बाजूला मात्र माझा हिशेब उलटा आहे. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १९८९मध्ये वीस खंडांत निघाला, २०००पासून तो ऑनलाइन आहे आणि त्यात सतत भर पडते. इंग्रजी शब्दाला गेल्या दहा वर्षांत आलेला अर्थ तुम्हाला कपाटातल्या कोशात मिळायचा नाही. मराठीचं तसं नाही. मराठीचे पडद्यावरचे मोठे कोश बहुतेक जुने छापील कोशच टंकून घेतलेले आहेत, त्यामुळे पडद्यावर गेल्याने ते नवे होत नाहीत. मूळ इंग्रजी शब्द समजून घेताना मी पडद्यावर असते, आणि त्याच्यासाठी मराठी शब्द निवडताना, वेळ असेल तर, कागदावर.

वेळ असेल तर, हे मुद्दाम म्हटलं. तुमचं काम रोजच्या मुदतीचं आहे. प्रत्येक शब्दाला खंड उघडलात तर आठवडाभरात काम सुटेल. मी पहिला खर्डा पडद्याच्या आधाराने पुरा करते आणि न पटलेल्या शब्दापुढे नुसती फुली मारते. थांबत नाही. दिवसाच्या शेवटी वीस-पंचवीस फुल्या असतात. त्यातल्या निम्म्या दुसऱ्या वाचनात आपोआप सुटतात, उरलेल्यांसाठी अर्धा तास खंड घेऊन बसते. करार, माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका यांत ही फुली क्वचितच लागते. तिथे परिभाषा कोश आणि त्या ग्राहकाने आधी वापरलेले शब्द, बस्स. साहित्य, आत्मकथन, भाषणं यांत मात्र हा अर्धा तास वाचवायचा नाही.

पडद्यावर सगळा भार टाकायला मी कचरते, त्याला आणखी एक कारण आहे. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने २०१२मध्ये आपला छापील इंग्रजी कोश थांबवून यापुढे फक्त ऑनलाइन राहायचं जाहीर केलं, आणि २०२३मध्ये तो ऑनलाइन कोशही बंद झाला. चांगला, काळजीने केलेला कोश होता. ज्यांनी त्यावर भिस्त ठेवली होती त्यांना दुसरीकडे जावं लागलं. म्हणून पडद्यावर मिळालेला महत्त्वाचा शब्द मी स्वतःच्या तक्त्यात उतरवून ठेवते: मूळ शब्द, निवडलेला शब्द, कुठल्या कोशातून, कुठल्या कामात, तारीख, आणि नाकारलेले शब्द. हा शेवटचा रकाना कधीच गाळू नका. सहा महिन्यांनी संपादक विचारतो, "इथे आस्था का नाही?" तेव्हा उत्तर त्याच रकान्यात असतं. तुमचा 'विचार' आणि 'प्रतिफल' आजच तिथे लिहा.

आता तुमच्या कपाटाचं. महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड घ्या, जागा नसेल तर करा. पुरवणी त्यात आहे ना, बघून घ्या. मोल्सवर्थही घ्या, पडद्यावरच्या प्रतीत एखादं अक्षर खटकलं तर ताडून बघायला छापील हवा. संस्कृत-इंग्रजी कोश मोनिअर-विल्यम्सचा १८९९चा असेल, तर तो कोलोन विद्यापीठाने संगणकावर उत्तम रीतीने आणलाय. रोज संस्कृत लागत नसेल तर तो संस्कृत शिकणाऱ्या कुणाला तरी मिळू दे. मोठा इंग्रजी कोश नको, विद्यार्थ्यांचे कोशही नकोत. परिभाषा कोशांपैकी पडद्यावर जे सापडतात ते सोडा, न सापडणारे ठेवा. एकूण हातभर फळीचा मामला आहे, पण ती फळी टेबलापासून हात पोचेल इतकी जवळ हवी. उठून दुसऱ्या खोलीत जावं लागलं तर तुम्ही खंड उघडणार नाही.

आणि कोश उचलून आणायची घाई करू नका. आधी एक अख्खी दुपार त्या अनुवादकांकडे जाऊन बसा. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाच्या कोशात समासात पेन्सिलीच्या खुणा असतात, अधूनमधून चिठ्ठ्या असतात, कोशाने न दिलेले अर्थ बारीक अक्षरात लिहिलेले असतात. त्यातले संक्षेप त्यांचे स्वतःचे असतील, तुम्हाला एकटीला उलगडणार नाहीत. एकेक खंड उघडून विचारा, हे काय, इथे फुली का, हा शब्द कुठे वापरलात. वही सोबत न्या. एका बैठकीत पुरं होणार नाही, दुसरी दुपारही त्याच वेळी ठरवून या.